खजिनदाराचं कार्ड

शांताराम वालावलकर चोर आहे, असं आमच्या मंडळातले लोक म्हणतात. त्याच्या तोंडावर म्हणायची छाती कुणात नाही. भात वाढताना म्हणतात, मेट्रोत शेजारी बसून म्हणतात, आणि मी जवळ आले की घाईघाईनं कांद्याच्या भावावर येतात. शी! पस्तीस वर्षं मी या दिल्लीतल्या मराठी माणसांत काढली. त्यांच्या मुलींच्या लग्नात अक्षता टाकल्या, त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले. आता त्यांच्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही. किळस येते मला, सरळ सांगते.

मी सुरुची टिपणीस. शांताराम आणि मी एकाच मंत्रालयात, मी स्टेनो आणि तो डिस्पॅचमध्ये. तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी तळमजल्यावर, तो आणि त्याची बायको चंद्रप्रभा माझ्या डोक्यावर. मालवणकडचा माणूस. तेविसाव्या वर्षी स्टाफ सिलेक्शनची परीक्षा देऊन दिल्लीला आला आणि इथलाच झाला. मूलबाळ नाही. बुटका, दात जरा पुढे, आणि दिवाळी झाली की अंगात एक मरून बिनबाह्यांचा स्वेटर, तो होळीपर्यंत निघत नाही. चंद्रप्रभा म्हणते, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या फोटोतसुद्धा हाच आहे.

या माणसाला एक रोग आहे. त्याला नाही म्हणता येत नाही. महाराष्ट्रातून कुणी बदली होऊन आलं की त्याला स्टेशनवरून आणायला शांताराम. कुणाची आई आजारी पडली की सकाळी टेकडीवरच्या हिंदुराव हॉस्पिटलात जाऊन ओपीडीच्या रांगेत पर्ची काढायला शांताराम. गणपतीत मोदकांना चांगले नारळ हवेत, तर करोल बागेतल्या मद्रासी दुकानात एकेक नारळ कानाशी हलवून बघायला शांताराम. आणि हे सगळं करून वर तो लोकांचे आभार मानायचा, की मला सांगितलंत, बरं झालं. मी कितीदा त्याला झापलं असेल! तो नुसता हसायचा.

त्याचा एकच शौक, नाटक. पण स्टेजवर कधी आला नाही. आमच्या मंडळाच्या नाटकांचा तो कायमचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचा, मांडीवर वही, आणि त्याची ती कुजबुज काय सांगू, नटाला अगदी स्पष्ट ऐकू यायची आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागायचा नाही. नटानं वाक्य उचललं नाही तर चिडायचा नाही, घाबरायचा नाही. तेच वाक्य पुन्हा, तितक्याच शांतपणे. ऑफिसात दुसऱ्याची पत्रं पुढे पाठवायची आणि विंगेत दुसऱ्याची वाक्यं, असा त्याचा जन्म चालला होता आणि त्यात तो सुखी होता.

आता मंडळाची रीत सांगते, कारण सगळं शेण तिथेच आहे. मंडळाचं बँकेत खातं आहे, पण चेकवर दोन सह्या लागतात. एक खजिनदाराची आणि एक अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, बंगाली कुर्ता, चंदनाचा वास. ते वर्षातले सहा महिने मुलाकडे पुण्याला. मांडववाल्याला, आचाऱ्याला, ट्रकवाल्याला तर पैसे जागच्या जागी हवेत. म्हणून रीतच पडली होती, खजिनदारानं आधी आपल्या खिशातून भरायचे आणि वर्गणी गोळा झाली की परत घ्यायचे. आधीचे खजिनदार रोख भरायचे आणि वर्षभरात पळून जायचे. शांताराम खजिनदार झाला तेव्हा क्रेडिट कार्डं आली होती. मग काय, सगळ्यांची सोय झाली. कुठेही बिल आलं की भाऊसाहेब म्हणायचे, “आमच्या शांतारामपंतांचं कार्ड आहे ना!” एरवी तो वालावलकर, बिल आलं की पंत. लोक वर त्याला चिडवायचे, यार, पॉइंट तर तुलाच मिळतात.

वीस वर्षं हे चाललं. वर्गणी यायची, उशिरा का होईना पैसे परत मिळायचे, मधलं व्याज शांताराम गुपचूप भरायचा आणि कुणाला बोलायचा नाही.

मग कोरोनाच्या आदल्या वर्षी भाऊसाहेबांच्या डोक्यात आलं की पुण्याची मोठी नाटक कंपनी बोलवायची. गाझियाबादचा एक बिल्डर सगळा खर्च उचलणार आहे, असं त्यांनी कमिटीत छातीवर हात ठेवून सांगितलं. शांताराम तर हरखून गेला. खरीखुरी नाटक कंपनी, खरा सेट! बावीस माणसांची एसी तिकिटं, करोल बागेत लॉज, हॉलचं भाडं, लाइटवाला, जेवणं, सगळं त्याच्या कार्डावर. अडीच लाखांच्या वर गेलं. नाटक झकास झालं, खोटं कशाला बोलू, मीही रडले. बिल्डर आला, पहिल्या रांगेत बसला, हार घालून घेतला, फोटो काढून घेतला आणि गेला. चेक काही दिला नाही. भाऊसाहेब म्हणाले, देईल हो, पार्टी मोठी आहे, पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून तुमचे आधी काढून घेऊ. पुढच्या वर्षी कोरोना. ना उत्सव, ना वर्गणी, आणि बिल्डर भाऊसाहेबांचा फोनही उचलेना.

कार्डाचं व्याज तुम्हाला माहीत असेल तर उत्तम, नसेल तर देव करो आणि माहीत न होवो. महिन्याला साडेतीन टक्के. बिलावर खाली लिहिलेलं असतं, मिनिमम एवढे भरा. शांताराम बिचारा ते मिनिमम भरत राहिला. त्याला वाटायचं, कर्ज फिटतंय. मूळ रक्कम जागची हलत नव्हती. मग चंद्रप्रभाला कोरोना झाला, दवाखान्याचं बिल आलं, आणि मिनिममही थांबलं. दंड, दंडावर व्याज, त्यावर टॅक्स. अडीचाचे सहा लाख कधी झाले ते त्यालाही कळलं नाही.

उत्सव पुन्हा सुरू झाल्यावर त्यानं कमिटीत विषय काढला. मी तिथे होते, उत्सवात खाण्याचे स्टॉल लावणाऱ्या बायकांच्या वतीनं. किती चाचरत बोलला तो, जणू उधार मागतोय. सगळे आपापल्या चहाकडे बघत होते. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “पण वालावलकर, कार्ड तुमच्या नावावर आहे ना?”

बस. एवढंच वाक्य. त्यावर एकाही माईच्या लालानं तोंड उघडलं नाही. मी उघडलं, तर मला सांगण्यात आलं की टिपणीसबाई, हा अर्थकारणाचा विषय आहे. अर्थकारण म्हणे! याच माणसांनी त्या नाटकाला पुढच्या खुर्च्यांसाठी भांडणं केली होती.

आणि गंमत बघा, खजिनदारपद काही त्याच्याकडून काढून घेतलं नाही. घेणार कोण? दुसऱ्या कुणाला आपल्या खिशाला हात लावायचा होता? त्याचं कार्ड बंद पडलं तर त्याच्या शब्दावर उधारी सुरू झाली. आमचा आचारी विष्णूजी, मथुरेचा माणूस पण मसालेभात असा करतो की कोल्हापूरवाल्यानं बघत राहावं, तो ॲडव्हान्सशिवाय सामान हलवत नाही. पण शांतारामनं सांगितलं तर हलवायचा, आणि वाढपाआधी त्याच्याच साध्या एटीएम कार्डावरून पैसे घ्यायचा.

मग बँकेनं कोर्टात दावा लावला. समन्स आलं. आणि इथे या माणसानं जी चूक केली ती आमच्यातलाच माणूस करू जाणे. तारीख नेमकी अनंत चतुर्दशीची. दिल्लीत त्या दिवशी कसली सुट्टी नसते, कोर्ट चालू. याचा विसर्जनाचा ट्रक सकाळी यायचा होता आणि ट्रकवाल्याचा हिशेब खजिनदारानं करायचा होता. हा कोर्टात गेला नाही, ट्रकवर गेला. मोरया मोरया करत मूर्तीला हात लावून बसला. मला कळलं तेव्हा मी कपाळ बडवून घेतलं. तो म्हणाला, सुरुचीताई, बाप्पाला पोचवायला कुणीतरी हवं ना, कोर्टाची काय पुढची तारीख पडेल. पडली. पण एकदा गेला नाही म्हटल्यावर त्याला पुढे जायची लाज वाटू लागली, आणि तो कधीच गेला नाही. एकतर्फी निकाल लागला. काही महिन्यांनी कोर्टाचा हुकूम थेट ऑफिसात आला, की याच्या पगारातून दरमहा कापून पाठवा. दिल्लीत त्याला कुर्की म्हणतात. दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत तो शब्द सगळ्या मजल्यांवर फिरून आला होता.

पगार करणाऱ्या बाबूनं हुकूम नीट वाचलासुद्धा नाही. त्यानं सरळ अर्धा पगार कापला. शांतारामनं विचारलंही नाही. महिन्यामागून महिने अर्ध्या पगारात काढले आणि वर ऑफिसात सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा, जणू काही गुन्हा फेडतोय. चंद्रप्रभानं कामवाली सोडली, दूध कमी केलं आणि साड्यांना फॉल लावायची कामं घेतली. तिला दमा आहे, कोरोनानंतर जास्तच. बाहेरून आली की आधी माझ्या दारात बसते, दम घेते, मग जिना चढते. पण ती रडली नाही. ती एकच गोष्ट सांगायची: ऑक्टोबरला हे रिटायर झाले की ग्रॅच्युइटी मिळेल, त्यातून फ्लॅट.

तो फ्लॅट म्हणजे गाझियाबादला, तळमजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. वीस वर्षांपूर्वी नंबर लागला होता, बाकी हप्ते भरून झाले होते, ताबा घेताना शेवटचा मोठा हप्ता द्यायचा होता. रिटायर झाल्यावर क्वार्टर काही महिन्यांत सोडावं लागतं. गावचं घर भावकीत गेलेलं. म्हणजे ती ग्रॅच्युइटी हातात आली तर छप्पर, नाही तर या वयात भाड्याच्या खोल्या आणि दुसरे-तिसरे मजले. तळमजला तिनं मुद्दाम निवडला होता, जिना नको म्हणून. त्या खोलीत कपाट कुठे ठेवायचं हेसुद्धा तिनं ठरवून ठेवलं होतं.

याच सुमारास वसुलीवाला उगवला. राजवीर नाव. पांढरे बूट, कानात ते वायरशिवायचं यंत्र. कोर्टाचा हुकूम चालू असताना या माणसाचं काही काम नव्हतं, पण त्यांना कमिशन असतं ना. शांतारामला दिवसात कितीदा फोन करायचा देव जाणे. गेल्या वर्षी तर तो मांडवात आला. आरती चालू होती. त्यानं हात जोडले, टाळ्या वाजवल्या, प्रसादाचा मोदक घेऊन खाल्ला, बोटं चाटली, आणि मग शंभर माणसांसमोर मोठ्यानं म्हणाला, “अंकलजी, गणपती को तो रोज मोदक खिलाते हो, बैंक को कौन खिलाएगा?”

शांतारामच्या हातात आरतीचं ताट होतं. एक माणूस पुढे झाला नाही. दोघीतिघी तर हसल्या, मी बघितलं आहे, नावं सांगू शकते. मीच त्या राजवीरला दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. तो निघताना मला आंटीजी म्हणाला.

तेव्हापासून दिल्लीतल्या सगळ्या मराठी मंडळांत झालं की अमक्या मंडळाच्या खजिनदारानं पैसे खाल्ले, बँकवाले मांडवात आले. भाऊसाहेबांना एका वाक्यात हे थांबवता आलं असतं. त्यांनी ते वाक्य उच्चारलं नाही. कारण मग बिल्डरचं नाव निघालं असतं, आणि बिल्डर कुणी आणला हेही.

यंदा मंडळाचं पंचाहत्तरावं वर्ष. अमृत महोत्सव, मोठे पाहुणे, स्मरणिका. उत्सवाच्या आधी एका संध्याकाळी भाऊसाहेब तिमारपूरला आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. एवढ्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा शांतारामच्या घरी आला. काय बोलणं झालं ते चंद्रप्रभानं मला नंतर सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, तुमच्या नावाला बट्टा लागलाय तो पुसून टाकू. स्टेजवर शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करू. तुम्ही फक्त दोन शब्द बोलायचे, की हे कर्ज माझं खासगी आहे, मंडळाचा संबंध नाही, आणि ऑक्टोबरला ग्रॅच्युइटी मिळाली की मी एकरकमी चुकतं करणार आहे. सगळे टाळ्या वाजवतील. बँकेच्या माणसाशी माझं बोलणं झालंय, तो उत्सवात येणार नाही.

आणि शांताराम हो म्हणाला.

चंद्रप्रभा खाली आली ती कठडा धरून. बसली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाली, “सुरुचीताई, ते हो म्हणाले. माझं घर दिलं त्यांनी, चोर नाही म्हणवून घ्यायला.” मी तशीच वर गेले. तो खिडकीशी उभा होता. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की ताई, घर नसलं तरी माणूस कुठेतरी राहतो, पण मेल्यावर लोकांनी चोर म्हणायला नको. मला त्या क्षणी त्याचीसुद्धा किळस आली, खरं सांगते. त्या लोकांकडून प्रामाणिकपणाचा शिक्का मागायचा?

दुसऱ्या दिवशी राजवीरचा फोन आला, मी समोर होते. आवाज एकदम मऊ. अंकलजी, बधाई हो, इकतीस अक्टूबर को रिटायर हो रहे हो. शांतारामनं विचारलं की तारीख तुला कुणी सांगितली. तो हसत म्हणाला, आपके प्रेसिडेंट साहब ने, और किसने. ग्रॅच्युइटी साधारण किती मिळेल तेही भाऊसाहेबांनी सांगितलं होतं. राजवीरनं मंडळाच्या मांडवात परत यायचं नाही, या बदल्यात. बाजारात कोंबडी विकतानासुद्धा माणूस जरा घासाघीस करतो.

मी त्याला धरून तीस हजारी कोर्टात नेलं. तिथे मोफत सल्ला देणारे वकील बसतात. आमच्या वाट्याला रुचिता नावाची मुलगी आली, मराठी निघाली पण इथेच वाढलेली. काका, बसा ना बसा ना, म्हणाली आणि कागद वाचता वाचता तिचा चेहरा बदलला. मध्येच अडली, कुर्कीला मराठीत काय म्हणतात? मी म्हटलं, जप्ती. हां, जप्ती, म्हणाली, आणि मग तिनं समजावलं. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याच्या तीन भागांतले दोन भाग, याला कुणी हात लावू शकत नाही. कापता येतो तो फक्त तिसरा भाग, आणि तोही कायमचा नाही, एका हुकुमावर जास्तीत जास्त चोवीस महिने. अर्धा पगार कापला ती चक्क चूक आहे, अर्ज द्या. ग्रॅच्युइटी, पेन्शन, पीएफ याला बँक हात लावू शकत नाही. वसुलीवाल्यानं सकाळी आठच्या आधी नि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही आणि चारचौघांत अपमान तर बिल्कुल करायचा नाही, त्याचीही तक्रार करा.

शांतारामनं एकच विचारलं. म्हणाला, “पण बाळ, पैसे मी घेतले होते ना? कार्ड माझंच होतं.”

ती म्हणाली, “घेतलेत काका, आणि कायद्यानं जेवढे द्यायचे तेवढे तुम्ही देताय. घर देऊन टाका असं कुठलंही कोर्ट तुम्हाला म्हणालेलं नाही. ते तुमचे लोक म्हणतायत.”

अर्ज दिला, पुढच्या महिन्यापासून पगार तिसऱ्या भागाच्या हिशेबानं कापू लागले, बाबूनं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. पण भाऊसाहेबांना दिलेला शब्द? त्याबद्दल विचारलं की शांताराम विषय टाळायचा. कार्यक्रमपत्रिका छापून आली. त्यात होतं: श्री. शांताराम वालावलकर यांचा सत्कार व मनोगत. चंद्रप्रभानं ती वाचली, घडी केली आणि फ्रिजवर ठेवली. गाझियाबादच्या कपाटाबद्दल बोलणं तिनं बंद केलं होतं.

सत्काराच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. बायकांच्या नथी, पुरुषांचे फेटे, पाहुण्यांची भाषणं. दिल्लीच्या तख्ताचं काय काय राखलं ते सगळं सांगून झालं. मी आणि चंद्रप्रभा चौथ्या रांगेत. तिनं माझा हात धरला होता आणि तिच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. मग शांतारामचं नाव पुकारलं. तो विंगेतूनच आला, सवयीनं. भाऊसाहेबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि माइककडे हात केला. पहिल्या रांगेतले लोक आधीच टाळ्या वाजवायला हात वर घेऊन बसले होते.

शांतारामनं नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला. लोक हसले. मग तो बोलला, त्याच त्याच्या आवाजात, कुठे चढ नाही उतार नाही.

“मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. कोरोनाच्या आधी जे नाटक झालं त्याचे पैसे माझ्या कार्डावरून गेले. मंडळानं ते मला दिले नाहीत. कोर्ट सांगेल तेवढं मी रिटायर होईपर्यंत पगारातून भरीन. ग्रॅच्युइटी देणार नाही. तिच्यातून चंद्रप्रभाचं घर व्हायचं आहे. तुम्ही मला चोर म्हणत असाल तर म्हणा.”

त्यानं शाल काढली, नीट घडी घातली, भाऊसाहेबांच्या खुर्चीवर ठेवली आणि वर नारळ ठेवला. चंद्रप्रभाच्या हातातला घाम माझ्या हाताला लागला. ती रडत नव्हती. नुसती म्हणत होती, तळमजला, तळमजला.

आणि मग काय झालं असेल? कुणी उठलं? कुणी म्हणालं की हो, हे खरं आहे? हॉलमध्ये तीनशे मराठी माणसं होती, अर्ध्यांनी ते नाटक बघितलेलं. सूत्रसंचालन करणारी पोरगी गडबडली, मग हसून म्हणाली की यानंतर महाप्रसादाची व्यवस्था मागच्या अंगणात आहे. खुर्च्या सरकल्या. माणसं उठली. माझ्या मागून एक बाई म्हणाली, पाहुण्यांसमोर हा विषय काढायला नको होता. दुसरी म्हणाली, श्रीखंड आहे ना आज? आणि सगळी निघाली. हातात कागदी ताटल्या घेऊन रांग लावून उभी राहिली, त्या रांगेत ढकलाढकलीसुद्धा झाली.

आम्ही तिघं निघालो होतो. अंगणातूनच वाट होती. तेवढ्यात विष्णूजी आला, खांद्यावर पंचा आणि हातात ते कार्ड घासायचं यंत्र. दरवर्षीची रीत, वाढप सुरू होण्याआधी हिशेब. तो बिचारा चुलीपाशी होता, स्टेजवरचं त्यानं काही ऐकलं नव्हतं. त्यानं सवयीनं यंत्र शांतारामपुढे केलं आणि म्हणाला, “वालावलकरजी, पेमेंट.”

शांतारामनं यंत्राकडे बघितलं. मग भाऊसाहेबांकडे हात करून शांतपणे सांगितलं, “आज प्रेसिडेंट साहब का कार्ड लीजिए.”

विष्णूजी यंत्र घेऊन भाऊसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. भाऊसाहेब पाहुण्यांना श्रीखंडाबद्दल सांगत होते. त्यांनी कुर्त्याचा एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग हसून म्हणाले की पाकीट गाडीत राहिलं. विष्णूजी म्हणाला, मंगवा लीजिए, आणि पोरांना खूण केली. पोरांनी पातेल्यांवर झाकणं ठेवली. रांग थांबली. तीनशे माणसं ताटल्या घेऊन भाऊसाहेबांकडे बघू लागली. इतक्या वर्षांत मी त्यांना बोलता न येताना पहिल्यांदा बघितलं. ओठ हलत होते, शब्द काही येईना.

तेव्हा शांताराम चार पावलं मागे गेला. त्यांच्या जरा मागे, बाजूला, विंगेत बसायचा तसा उभा राहिला, आणि त्याच्या त्या कुजबुजत्या आवाजात, स्पष्ट, म्हणाला, “मी देतो. म्हणा, भाऊसाहेब. मी देतो.”

त्यांनी वाक्य उचललं नाही. शांतारामनं तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हाही झाकणं तशीच होती.